असई सहा बाय चार फुटांत: एका लढाईचा सिनॅरिओ कसा घडला

केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात असई हे गाव आहे, आजच्या जालना जिल्ह्यात, भोकरदनच्या बाजूला. 23 सप्टेंबर 1803 रोजी दुपारी तीनच्या सुमारास इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली केळना ओलांडून या बेचक्यात शिरला. संध्याकाळी सहापर्यंत दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या एकत्र फौजेने मैदान सोडलं होतं. या तीन तासांत वेलस्लीची 1,584 माणसं मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. लढलेल्या नियमित फौजेचा हा जवळजवळ तिसरा हिस्सा. हाच माणूस बारा वर्षांनी वॉटर्लूला नेपोलियनसमोर उभा राहिला. पुढे त्याला कोणी विचारलं, की लढाईत तुमच्या हातून झालेली सर्वांत चांगली कामगिरी कोणती, तेव्हा त्याने वॉटर्लूचं नाव घेतलं नाही. असई म्हणाला.

नेपोलियनच्या काळातल्या लढाया मिनिएचर सैनिक मांडून खेळणाऱ्यांना ऑस्टर्लिट्झ, बोरोदिनो, वॉटर्लू तोंडपाठ असतात. मीही त्याच लढायांवर हा खेळ शिकलो. पण पुण्याहून एका दिवसात जाऊन परत येता येईल अशा ठिकाणी त्याच काळातली, त्याच बंदुका आणि त्याच कवायतीची लढाई झालेली असताना ती माझ्या टेबलावर नव्हती, हे मला टोचत होतं. गेल्या वर्षी ती मांडायला घेतली, म्हणजे टेबलावर खेळता येईल असा तिचा सिनॅरिओ, नकाशा, फौजा आणि नियम, रचायला घेतला. चार चाचणी खेळ झाले आणि दर खेळानंतर निम्मे नियम बदलले. ते का बदलावे लागले, याची ही हकीकत.

सगळी अडचण आकड्यांत आहे. मराठ्यांकडे कवायती पायदळ 10,800, एकूण सतरा पलटणी. त्यांतल्या आठ हॅनोव्हरच्या अँथनी पोलमनच्या कंपूत, म्हणजे कवायती पलटणींच्या गटात. पोलमन पूर्वी ईस्ट इंडिया कंपनीच्याच फौजेत सार्जंट होता. पाच पलटणी सरधन्याच्या बेगम समरूच्या, कर्नल सालूरच्या हाताखाली, आणि चार द्यूपों नावाच्या डच अधिकाऱ्याच्या. शिवाय दहा ते वीस हजार बिनकवायती पायदळ, तीस-चाळीस हजार घोडदळ आणि शंभरावर तोफा. समोर वेलस्लीचे साडेचार हजार नियमित सैनिक आणि सतरा तोफा. त्याच्या बाजूला म्हैसूरचे आणि पेशव्यांचे मिळून पाच हजार स्वार होते. वसईच्या तहानंतर पेशव्यांचे मराठे स्वार इंग्रजांच्या बाजूने उभे होते, ही गोष्ट यादी लिहिताना दर वेळी हाताला अडते.

हे सगळं जसंच्या तसं टेबलावर ठेवलं, तर खेळ अर्ध्या तासात संपतो. आणि इंग्रजांना फाशांत मोठी सूट देऊन तो बरोबरीचा केला, तर ती असई उरत नाही. त्या दिवसाचा निकाल संख्येने लागला नाही. कोणाला काय दिसत होतं, कोणाचा हुकूम कुठपर्यंत पोहोचला आणि इंग्रजांच्या उजव्या बगलेला थांबायला किती उशीर झाला, यांनी तो लावला. मला ते टेबलावर आणायचं होतं.

आधी जमीन

पोलमनने शेवटी जी रांग धरली ती दोन नद्यांमधल्या पट्टीवर आडवी, सुमारे 1.6 किलोमीटर लांब. उजवं टोक केळनेवर, डावं टोक असई गावाशी, जुईच्या काठावर. माझं टेबल सहा बाय चार फूट, म्हणजे साधारण 180 बाय 120 सेंटीमीटर. एक सेंटीमीटरला पंधरा मीटर असं माप धरलं, की ती रांग 107 सेंटीमीटर भरते आणि टेबलाच्या रुंदीत बरोबर बसते. दोन्ही लांब कडांना दोन नद्या, पूर्वेच्या आखूड कडेला इंग्रज, पश्चिमेला मराठे.

मग पुठ्ठ्याच्या पलटणी कापल्या. पाचशे माणसांची पलटण दोन ओळींत उभी केली, तर तिची रुंदी जेमतेम 140 मीटर होते. टेबलावर साडेनऊ सेंटीमीटर. वेलस्लीकडे नदीपलीकडे 74 वी आणि 78 वी या दोन स्कॉटिश पलटणी, मद्रासच्या चार शिपाई पलटणी आणि प्रत्येक पलटणीतून वेचलेल्या पहाऱ्याच्या तुकड्यांची मिळून एक अर्धी पलटण होती. एकाशेजारी एक ठेवल्या, तर 62 सेंटीमीटर. समोरची रांग 107. पुठ्ठ्याचे तुकडे टेबलावर सरकवत मी बराच वेळ उभा होतो. इंग्रजी रांगेच्या मधोमध पडलेल्या खिंडाराबद्दल मी अनेकदा वाचलं होतं. एका अधिकाऱ्याच्या चुकीने ते पडलं, हेही वाचलं होतं. पण ते पडायला जागा आधीच तयार होती, हे पुठ्ठ्याने दाखवलं.

वेळेचं माप सोपं होतं. तीन तास, पंधरा मिनिटांची एक फेरी, एकूण बारा फेऱ्या. पायदळ एका फेरीत वीस सेंटीमीटर, म्हणजे 300 मीटर चालतं. न थांबता चाललं तर ते याहून पुढे जाईल, पण रांग सरळ करणं, थांबणं, बंदुका झाडणं हे सगळं त्यातच आलं. तोफेच्या छर्र्यांचा मारा वीस सेंटीमीटर, भरीव गोळ्याचा पंचावन्न. वीस आणि वीस हे आकडे जुळले हा योगायोग, पण पुढे त्यावरच सगळा खेळ उभा राहिला.

नद्यांचे काठ मी थर्माकोलच्या पट्ट्या तिरक्या कापून केले आणि वर वाळवलेली चहाची पूड आणि माती थापली. दिवाळीत किल्ला करताना आजोबांनी जी माती कालवायला शिकवली होती तीच पद्धत, फक्त अळीव पेरलं नाही. मिनिएचर 10 मिलिमीटरचे घेतले, कारण 28 मिलिमीटरचे सैनिक साडेनऊ सेंटीमीटरमध्ये सहाच मावतात आणि पलटण पलटणीसारखी दिसत नाही.

खेळ कुठून सुरू करायचा

पहिल्या चाचणीत मी खेळ केळनेच्या दक्षिण काठावरून सुरू केला. त्या दिवसातली सर्वांत देखणी गोष्ट तिथेच घडली होती. मराठ्यांची रांग तेव्हा केळनेच्या उंच काठावर दक्षिणेकडे तोंड करून होती, समोरून हल्ला करणं अशक्य होतं. वाटाडे सांगत होते, की पुढे उतार, म्हणजे नदी चालत ओलांडण्याजोगी जागा, नाही. वेलस्लीने पूर्वेकडे नदीच्या दोन्ही काठांना समोरासमोर दोन गावं पाहिली, पिंपळगाव आणि वरूड, आणि ताडलं, की समोरासमोर दोन गावं आहेत तर लोक ये-जा करत असणार, म्हणजे उतार असणार. माणूस पाठवून खात्री केली आणि फौज वळवली.

माझ्या मित्राने वेलस्ली घेतला होता. त्याने टेबलाकडे पाहिलं, मराठ्यांचे सैनिक मोजले आणि म्हणाला, "मी स्टीव्हन्सनची वाट बघतो."

तो चुकला नव्हता. कर्नल स्टीव्हन्सनची दुसरी फौज जवळच होती आणि 24 तारखेला दोघांनी मिळून हल्ला करायचा असंच ठरलं होतं. वेलस्ली थांबला नाही, कारण त्याला खबर मिळाली होती, की घोडदळ निघून गेलं आहे आणि पायदळही निघण्याच्या बेतात आहे. पुढे जाऊन पाहतो तर सगळेच समोर. तोवर इतक्या घोडदळासमोर पाठ फिरवणं जास्त धोक्याचं झालं होतं. माझ्या मित्राला यातलं काहीच भोगायचं नव्हतं. त्याला सगळं टेबल दिसत होतं. उशिराला दंडाचे गुण लावून पाहिले, तर तो गुणांचा हिशेब करू लागला. लढाई बाजूलाच राहिली.

शेवटी मी दक्षिण काठ कापून टाकला. आता खेळ सुरू होतो तो इंग्रज उत्तर काठावर उतरल्यावर आणि पोलमनची रांग नव्वद अंशांत वळून पूर्वेकडे तोंड करून उभी राहिल्यावर. उताराची गोष्ट खेळाडूंना सुरुवातीला वाचून दाखवतो. ती टेबलावर नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

पण या बदलाने एक दुसरी चूक उघडी पडली. मराठ्यांच्या पलटणींना मी कवायतीत कमी गुण दिले होते. तयार सैन्ययाद्यांत हिंदुस्थानी फौजा साधारण तशाच लिहिलेल्या असतात, मीही तेच उचललं होतं. माझी पुतणी इंजिनिअरिंगला आहे, पोलमन तिच्याकडे होता. ती म्हणाली, "काका, हे लोक शत्रू समोर असताना सतरा पलटणी आणि शंभर तोफा नव्वद अंशांत वळवतात, आणि वेलस्ली बघतच राहतो. मग यांची कवायत कमी कशी?"

याला उत्तर नव्हतं. महादजी शिंद्यांनी द बॉइन या युरोपियन सेनानीकडून हे कंपू उभे करून घेतले होते, आणि असईला ती शिस्त पूर्ण दिसली. कमतरता दुसरीकडे होती. युद्ध सुरू होताना कंपनीने शिंद्यांच्या चाकरीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांना फोडलं होतं, आणि लढाईच्या मैदानावर तिन्ही कंपू, भोसल्यांचं पायदळ आणि घोडदळ यांना एका हातात धरणारा कोणी नव्हता. म्हणून आता मराठा पलटणींना कवायतीचे गुण इंग्रजी शिपाई पलटणींइतकेच आहेत. तोफा चालवणाऱ्या गोलंदाजांना सगळ्या टेबलावर सर्वांत वरचे. पलटणी हलवण्यासाठी टाकायचे हुकमाचे फासे मात्र पोलमनला फक्त त्याच्या कंपूपुरते मिळतात. सालूर आणि द्यूपोंच्या पलटणी हलवायच्या तर निम्मेच.

घोडदळ

दुसरी चाचणी तिसऱ्या फेरीतच संपली. मराठ्यांचं घोडदळ टेबलावर होतं आणि खेळाडूने ते सगळं एकदम सोडलं. कोणीही सोडेल.

प्रत्यक्षात बहुतेक घोडदळ लढलंच नाही. काही हजार केळनेच्या दक्षिणेला घोटाळत होते आणि त्यांच्यासमोर म्हैसूरचे व पेशव्यांचे स्वार उभे होते. जे तुटून पडले ते 74 व्या पलटणीवर, तीसुद्धा तोफांनी पार विस्कटल्यावर. यात मला नियम सापडला. दोन्हीकडचे बिनकवायती स्वार टेबलावरून काढून टाकले, ते एकमेकांना बांधून आहेत असं धरलं. मराठा खेळाडूकडे फक्त तीन तुकड्या ठेवल्या, आणि त्या विस्कळीत झालेल्या पलटणीवरच चालून जाऊ शकतात. उभ्या, शाबूत रांगेवर नाही. हलक्या घोडदळाचं काम तसंच असतं. पुढच्या खेळापासून इंग्रज खेळाडू प्रत्येक पलटणीची अवस्था डोळ्यांत तेल घालून पाहू लागला, आणि घोडदळ न लढताही त्याच्या डोक्यावर बसलं.

ऑरॉकचा उशीर

मराठ्यांची रांग वळलेली पाहून वेलस्लीने आपली रांग लांबवायचं ठरवलं. पहाऱ्याच्या तुकड्या आणि त्यांच्यामागे 74 वी, यांनी उजवीकडे तिरकं सरकावं, म्हणजे मध्ये शिपाई पलटणींना आणि डावीकडे 78 व्या पलटणीला जागा होईल. लेफ्टनंट कर्नल ऑरॉक पहाऱ्याच्या तुकड्यांचा प्रमुख होता. तो सरकत राहिला आणि थेट असई गावासमोर गेला. तिथे भोसल्यांचं पायदळ गावात आणि तोफा गावाभोवती. 74 वी त्याच्यामागे गेली. त्या पलटणीतल्या सुमारे 500 पैकी जवळजवळ 400 माणसं मेली किंवा जखमी झाली. उरलेल्यांनी मेलेल्या सोबत्यांचा आडोसा करून चौकोन धरला. इंग्रजी घोडदळाच्या मॅक्सवेलने 19 वे ड्रॅगून (गोरे स्वार) आणि मद्रासचे स्वार घेऊन धाव घेतली म्हणून ते वाचले. मॅक्सवेल त्याच दिवशी पुढच्या हल्ल्यात पडला.

हे खेळात कसं आणायचं? "दुसऱ्या फेरीत ऑरॉक चुकतो" असा नियम केला, तर खेळाडूच्या हातात काही राहत नाही. फाशांवर सोडलं, तर चूक कोणाचीच नाही. आणि मोकळं सोडलं, तर इतिहास माहीत असलेला कोणताही खेळाडू ऑरॉकला असईजवळ फिरकू देणार नाही. या एका प्रश्नावर मी दोन महिने अडलो होतो.

उत्तर वीस आणि वीसमध्ये होतं. नियम असा: हलत असलेली पलटण नवा हुकूम मिळेपर्यंत हलतच राहते. वेलस्लीची मूर्ती चाळीस सेंटीमीटरच्या आत असेल, तर हुकूम त्याच फेरीत पोहोचतो, नाहीतर पुढच्या. घोडेस्वाराला 1.5 किलोमीटर जायला पाच मिनिटं पुरतात, हे मला मान्य आहे. पण धुरात अधिकारी शोधायचा, त्याला समजावायचं, त्याने ते समजून घेऊन रांग थांबवायची, यात पंधरा मिनिटं सहज जातात. आणि एका फेरीचा उशीर म्हणजे वीस सेंटीमीटर. छर्र्यांच्या माऱ्याची पूर्ण पट्टी.

आता वेलस्लीला ठरवावं लागतं, की आपण कुठे उभं राहायचं. डावीकडे 78 व्या पलटणीजवळ राहिला, तर मराठ्यांची उजवी बाजू लवकर फुटते. प्रत्यक्षात ती तिथेच फुटली. पण मग उजवं टोक हाताबाहेर जातं. उजवीकडे गेला, तर डावीकडचा हल्ला रेंगाळतो. तिसऱ्या चाचणीत माझ्या मित्राला ऑरॉकची गोष्ट पूर्ण माहीत होती, त्याने तो हुकूम वेळेवर थांबवायचं ठरवलंही होतं. पण त्याच फेरीत डावीकडे तोफांचे बैल मेले आणि तोफा जागेवर अडकल्या. त्या दिवशीही तसंच झालं होतं आणि वेलस्लीने तोफा मागे सोडून संगिनींवर भिस्त ठेवली होती. मित्र तिकडे गुंतला आणि एक फेरी उशीर झाला. 74 वी असईसमोर गेली. तो खुर्चीत मागे टेकला आणि बराच वेळ काही बोलला नाही.

गोलंदाज

या लढाईतला माझ्या मनात कायम राहिलेला भाग मराठ्यांच्या तोफखान्याचा आहे. इंग्रजी रांग तोफांवर आली तेव्हा गोलंदाज तोफा सोडून पळाले नाहीत, तोफेशीच संगिनींनी मारले गेले. काही जण मेल्याचं सोंग करून पडून राहिले. रांग पुढे गेल्यावर उठले, तोफा उलट फिरवल्या आणि इंग्रजांच्या पाठीत मारा केला. वेलस्लीला 78 वी पलटण आणि स्वार घेऊन परत येऊन त्या तोफा दुसऱ्यांदा जिंकाव्या लागल्या.

नियम सोपा वाटला होता: हल्ल्यात गेलेल्या तोफेवर उलटी चकती ठेवायची आणि इंग्रज पुढे गेल्यावर फाशावर पाच किंवा सहा पडले, तर तोफ जिवंत. पण हे माहीत असलेला खेळाडू एक पलटण तोफांवर पहारा ठेवतो. आधी मी हे बंद करायच्या विचारात होतो. मग हिशेब केला. आधीच 62 सेंटीमीटरची रांग 107 झाकायला ताणलेली आहे. त्यातली एक पलटण पहाऱ्याला ठेवली, तर पुढे शिल्लक काय राहतं? म्हणून ती मुभा तशीच ठेवली. सावध राहायची किंमत खेळाडू स्वतःच मोजतो.

तोफांच्या बाबतीत खरा धडा मिळाला तो माझ्या मामांकडून. ते तोफखान्यातून निवृत्त झालेत, तिसऱ्या चाचणीला शेजारी बसून पाहत होते. जय-पराजय तेव्हा मैदानावर ठरत होता: सहा वाजता टेबल ज्याच्या हाती तो जिंकला. त्यामुळे दोन्ही खेळाडू शेवटच्या फेरीत सगळं झोकून देत होते. मामा म्हणाले, "अरे, शिंद्यांचं नुकसान मैदान गेलं म्हणून झालं का? तोफा गेल्या म्हणून झालं. मैदान उद्या दुसरं मिळतं."

98 तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या होत्या. तेवढा ओतीव तोफखाना आणि त्यावर तयार झालेले गोलंदाज परत उभे करायला शिंद्यांकडे वेळ राहिला नाही. नोव्हेंबरअखेर अडगावला हार, डिसेंबरच्या मध्यावर गाविलगड पडला, आणि 30 डिसेंबरला सुर्जी-अंजनगावचा तह. उलट बाजूला वेलस्लीही जिंकून इतका खिळखिळा झाला होता, की पाठलाग करायला त्याच्याकडे फौज नव्हती.

मग गुण नव्याने मांडले. तोफेची एक मूर्ती म्हणजे आठ तोफा, अशा बारा मूर्ती. जुईपार नेलेल्या प्रत्येक मूर्तीला मराठ्यांना गुण. फुटलेल्या प्रत्येक इंग्रजी पलटणीला दुप्पट. इंग्रजांना मैदानाचे आणि हाती आलेल्या तोफांचे. तोफ निघायला एक पूर्ण फेरी लागते, त्या फेरीत ती मारा करत नाही. मी आधी अर्धी फेरी ठेवली होती. मामांनी ती वाढवायला लावली: "बैल आणायचे, जुंपायचे, गाडा वळवायचा. खाली गोळे पडताहेत. बैलाला कोण सांगणार घाबरू नकोस म्हणून?"

चौथा खेळ पुतणी आणि मित्र यांच्यात झाला. सातव्या फेरीत तिची उजवी बाजू फुटली. उरलेल्या पलटणी तिने जुईकडे पाठ करून उभ्या केल्या, पोलमननेही शेवटी तेच केलं होतं. आठव्या फेरीपासून तिने तोफा जुंपायला घेतल्या. एकेक तोफ गप्प होत गेली तशी समोरची रांग जवळ येत गेली, आणि ती दर फेरीला मोजत होती, की अजून एक काढायची की अजून एकदा मारा करायचा. बारापैकी पाच मूर्ती पार गेल्या. मैदान इंग्रजांचं, पण त्यांच्या तीन पलटणी फुटल्या होत्या, त्यांत 74 वी होतीच. गुणांत मराठे दोनने पुढे.

असई गावातल्या भोसल्यांच्या पायदळाचा नियम अजून पक्का झालेला नाही. बाकीची फौज मागे हटल्यावर ते लोक गाव सोडून गेले. माझ्या खेळात ते शेवटच्या फेरीपर्यंत गावात बसून राहतात आणि 74 व्या पलटणीला जरुरीपेक्षा जास्त छळतात. पुढच्या चाचणीत पोलमनची शेवटची रांग मागे सरकली, की त्याच फेरीत गावासाठी फासा टाकून पाहणार आहे.